तुमचे प्रश्न, आमची बडबड : रिचर्ड बर्टन खरंच वाया गेला का?

मागच्या अंकात रिचर्ड बर्टनच्या जन्मशताब्दीचं एक छोटंसं टिपण छापलं होतं. वेल्सचा नट, जन्म १० नोव्हेंबर १९२५, खाणकामगाराचा पोरगा, सात ऑस्कर नॉमिनेशन आणि हातात एकही बाहुली नाही, हॉलिवूडची नटी एलिझाबेथ टेलरशी दोनदा लग्न, ५८व्या वर्षी गेला, बस एवढंच. आम्हाला वाटलं नागपुरात या बाबाचं कोणाला काय पडलंय, पण पत्रं अन् व्हॉट्सॲप मेसेज येतच राहिले राजेहो, त्यामुळे या वेळी बाकी सगळे प्रश्न बाजूला. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, गाव किंवा मोहल्ला तेवढा देतो.

उमरेडहून एक वाचक : माझे बाबा वेकोलिमधून, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीतून, रिटायर झाले. तुम्ही लिहिलं खाणकामगाराचा पोरगा. आता फिल्मवाले तर सगळेच सांगून राहिले की आम्ही स्टेशनवर झोपलो, एक वेळ जेवलो. हा खरंच गरीब होता की अशीच स्टोरी?

खरंच होता भाऊ, यात मीठमसाला नाही. वेल्सच्या दक्षिणेला पॉन्टरिडीवेन नावाचं छोटं गाव आहे, तिथला जन्म. मूळ नाव रिचर्ड वॉल्टर जेन्किन्स, वडिलांचंही तेच नाव. तेरा भावंडांत हा बारावा. तेराव्या बाळंतपणानंतर आठवड्याच्या आतच आई गेली, तेव्हा याला दोन वर्षंही पूर्ण नव्हती. वडील खाणीत आणि खाणीतून सुटले की दारूच्या दुकानात, त्यामुळे मोठी बहीण सेसिलिया, जिला सगळे सिस म्हणायचे, तिने याला पोर्ट टॅलबोटला आपल्या घरी नेलं. तिचं नुकतंच लग्न झालेलं, नवराही खाणीतलाच. आपल्याकडे थोरली बहीण आईच्या जागी असते म्हणतात, इथे ती शब्दशः होती आणि बर्टन आयुष्यभर ते बोलून दाखवायचा.

पंधरा-सोळाव्या वर्षी घरात पैशाची ओढाताण झाली तेव्हा त्याला शाळेतून काढून को-ऑपच्या, म्हणजे सहकारी संस्थेच्या, कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभं केलं. युद्धाचे दिवस, कपड्याला कुपन लागायचं, आणि हा पोरगा कापड मोजण्यात अगदीच ढ. काही शिक्षकांनी आणि गावच्या नगरसेवकाने खटपट केली म्हणून तो शाळेत परत गेला. एकदा सुटलेल्या पोराला त्या काळी शाळा परत घेत नसत, त्यामुळे ही गोष्ट दिसते तेवढी साधी नव्हती.

तो स्वतः खाणीत उतरला नाही, भाऊ उतरले. पण खाणीबद्दल बोलायला लागला की ऐकत बसावं. १९८० मध्ये अमेरिकन टीव्हीवर डिक कॅव्हेटच्या शोमध्ये त्याने सांगितलंय की कोळशाचा एक मोठा थर स्पेनकडून निघून समुद्राखालून वेल्सला येतो आणि तिथून अटलांटिकखालून थेट पेनसिल्व्हेनियात निघतो, असं बाबा म्हणायचे. आणि ते त्या कोळशाच्या भिंतीबद्दल असं बोलायचे जसं एखाद्या सुंदर बाईबद्दल बोलावं. भिंत नीट बघायची, तिची नस शोधायची आणि नेमक्या जागी एकच घाव, की वीस टन कोळसा खाली. तुमच्या बाबांना हा किस्सा सांगा अन् विचारा यात खरं किती. उमरेडची खाण उघडी आहे, त्यामुळे ते कदाचित हसतील, पण सिल्लेवाडा, सावनेरकडे जमिनीखाली काम केलेला कोणी भेटला तर तो मान डोलावेल असं वाटतं.

सक्करदऱ्याहून एक नाट्यप्रेमी : आम्ही दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेत उतरतो. आमच्या ग्रुपमधला हिरो म्हणतो आवाज ही देवाची देणगी असते, असली तर असली. बर्टनचा आवाज म्हणे जगात भारी होता. तो जन्मजातच तसा होता का? आम्ही पोरं सकाळी फुटाळा तलावावर जाऊन ओरडतो, त्याने काही होते का?

ओरडून फक्त घसा बसतो, आणि फुटाळ्यावर सकाळी फिरायला येणारे काका शिव्या देतात ते वेगळंच.

बर्टनची गोष्ट तुमच्या हिरोला नक्की वाचून दाखवा. शाळेत फिलिप बर्टन नावाचे मास्तर होते, नाटकवेडे, रेडिओसाठी लिहिणारे. त्यांना या पोरात काहीतरी दिसलं. तेव्हा याचा आवाज काही खास नव्हता बरं का, कर्कश होता, आणि वर इंग्रजीही नंतर शिकलेली, कारण घरची भाषा वेल्श. मग मास्तरांनी काय केलं, त्याला गावाबाहेर डोंगरावर न्यायचे आणि शेक्सपिअरचे उतारे म्हणायला लावायचे. स्वतः थोडं लांब जाऊन उभे राहायचे. मग आणखी लांब. मग आणखी. अट एकच, ओरडायचं नाही, पण मला प्रत्येक शब्द ऐकू आला पाहिजे. वारा सुटलेला असो की पाऊस असो. पोरगं ओरडलं की पुन्हा पहिल्यापासून. असं करत करत आवाज घशातून खाली छातीत अन् पोटात उतरला. पुढे त्याच आवाजाने वेल्सचा कवी डिलन थॉमसचं रेडिओ-नाटक 'अंडर मिल्क वुड' वाचलं, २५ जानेवारी १९५४ ला बीबीसीवर, थॉमस जाऊन अडीच महिनेच झाले होते, आणि आजही इंग्रजीत आवाजाचं नाव निघालं की लोक त्याच रेकॉर्डिंगवर येतात. एकदा हेडफोन लावून ऐका. शब्द कळले नाही कळले तरी चालेल, तो कुठे श्वास घेतो तेवढं शोधायचा प्रयत्न करा. सापडत नाही लवकर.

आणि मास्तर नुसते मास्तर राहिले नाहीत. पोरगं त्यांच्याकडेच राहायला गेलं आणि त्यांना त्याला दत्तक घ्यायचं होतं. कायद्याप्रमाणे दोघांच्या वयात किमान एकवीस वर्षांचं अंतर हवं. मास्तरांचा जन्म ३० नोव्हेंबर १९०४ चा आणि याचा १० नोव्हेंबर १९२५ चा, म्हणजे वीस दिवस कमी पडले. वीस दिवस! आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी खिडकीवर शोभेल अशी गोष्ट. मग १९४३ मध्ये दत्तकाऐवजी पालकत्वाचा कागद झाला आणि जेन्किन्सचा बर्टन झाला. जगाला माहीत असलेलं आडनाव मास्तरांचं आहे, बापाचं नाही. तर तुमच्या हिरोला सांगा, देणगी होती, पण ती देवाने कमी आणि मास्तरांनी जास्त दिली.

फुटाळ्याला जायचंच तर दोघं जा. एक जण काठावर उभा राहील, दुसरा लांब लांब सरकत जाईल. माईक आल्यापासून हौशी ग्रुपमध्ये शेवटच्या रांगेची फिकीर कोणालाच राहिली नाही, हे आमचं जुनं रडगाणं, ते इथे पुरे.

महालातून एक निवृत्त शिक्षक : आमच्या तरुणपणी असे वाचले होते की बर्टन हा इंग्लंडच्या लॉरेन्स ऑलिव्हिएनंतरचा सर्वांत मोठा रंगनट ठरला असता, परंतु पैसा, मद्य आणि बाई यांच्या नादी लागून वाया गेला. आपण टिपणात याविषयी मौन का बाळगले?

सर, मौन बाळगलं नव्हतं, जागा नव्हती. आता जागा आहे तर बोलतो, आणि तुम्हाला पटणार नाही याची तयारी ठेवूनच बोलतो.

आधी त्याने स्टेजवर काय केलं ते बघू. १९५१ मध्ये शेक्सपिअरच्या गावी स्ट्रॅटफर्डला त्याच्याच नाटकातला राजपुत्र हॅल केला आणि मोठमोठे समीक्षक खुर्चीत सरसावून बसले. मग हॉलिवूड, १९५३ चा 'द रोब', सिनेमास्कोपचा पहिला सिनेमा, जगभर तुफान चालला, ऑस्कर नॉमिनेशन मिळालं. आणि तो सिनेमा थेटरात लागत होता त्याच सुमारास हा माणूस कुठे होता? परत लंडनला, ओल्ड विक नाट्यगृहात. १९५३-५४ च्या एका सीझनमध्ये हॅम्लेट, कोरिओलेनस, कॅलिबन, सर टोबी असे वेगवेगळ्या जातीचे रोल. नादी लागलेला माणूस असं करत नाही हो सर. १९५६ मध्ये तर ऑथेल्लोच्या प्रयोगांत तो आणि जॉन नेव्हिल आलटून पालटून नायक ऑथेल्लो आणि खलनायक इयागो करायचे. दोघांनी एकमेकांच्या सगळ्या ओळी डोक्यात ठेवायच्या आणि रात्री चुकीच्या माणसाची ओळ तोंडातून निघू द्यायची नाही!

त्या हॅम्लेटचा एक किस्सा तो स्वतः रंगवून सांगायचा. प्रयोगाला विन्स्टन चर्चिल आले, पहिल्या रांगेत बसले आणि हॅम्लेटच्या ओळी याच्यासोबत मोठ्याने म्हणायला लागले. याने स्पीड वाढवला, चर्चिलनेही वाढवला. याने कमी केला, तर तिकडेही कमी. म्हातारा पिच्छा सोडेना. मध्यंतरात चर्चिल ड्रेसिंग रूममध्ये आले, आता हा वाट बघतोय की काहीतरी कौतुक करतील, तर ते अदबीने म्हणाले की माय लॉर्ड हॅम्लेट, तुमचं टॉयलेट वापरू का. बर्टन किस्से फुलवण्यात पटाईत होता, त्यामुळे यात किती तेल ओतलंय ते तुम्हीच ठरवा.

मग १९६० मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, 'कॅमलॉट', त्यातल्या किंग आर्थरसाठी टोनी, म्हणजे नाटकाचं ऑस्कर. तिथून त्याला सोडवून घ्यायला फॉक्स या सिनेमा कंपनीने पैसे मोजले आणि रोमला नेलं, 'क्लिओपात्रा'त अँटनी करायला. क्लिओपात्रा होती टेलर, पुढचं जगजाहीर आहे. पण टेलरशी पहिलं लग्न झालं १५ मार्च १९६४ ला आणि ९ एप्रिलला, म्हणजे महिन्याच्या आत, तो ब्रॉडवेवर पुन्हा हॅम्लेट करत होता. दिग्दर्शक जॉन गिलगुड. राजवाडा नाही, भरजरी कपडे नाहीत, तालमीच्या कपड्यांत प्रयोग, अंगात काळा स्वेटर. १३० च्या वर प्रयोग झाले, ब्रॉडवेवर हॅम्लेट इतका कधी चालला नव्हता. बाहेर टेलरला बघायला रोज गर्दी, रस्ता बंद, पण आतलं तिकीट काढणारे तीन-तीन तास शेक्सपिअर ऐकत होते ना. बाईच्या नादाने नाटक सुटलं म्हणता, मला तर उलटच दिसतं, बाईमुळे शेक्सपिअरला गर्दी झाली. त्या प्रयोगाचं शूटिंग करून दोन दिवस थेटरांत दाखवलं आणि करारात असं होतं की नंतर सगळ्या प्रिंट नष्ट करायच्या. बर्टनच्या मृत्यूनंतर एक प्रिंट त्याच्या गॅरेजमध्ये सापडली, म्हणून आज आपण तो हॅम्लेट बघू शकतो.

आता पैशाचं. हो, पैशासाठी त्याने भिकार सिनेमे केले. 'एक्झॉर्सिस्ट २' बघून दाखवा मला कोणी पूर्ण. टॅक्स वाचवायला तो १९५७ लाच स्वित्झर्लंडला राहायला गेला हेही खरं. पण सर, हा "वाया गेला" वाला शेरा कोणी मारला ते बघा. बहुतेक ऑक्सफर्ड-लंडनचे खाऊनपिऊन सुखी लोक, ज्यांच्या घरी कधी उधारीची वही नव्हती. बर्टनच्या मागे सख्खी भावंडं होती, त्यांची पोरं होती, आणि कमाईतला बराच पैसा तिकडे जायचा. थोरला भाऊ आयफर, जो खाणीत होता, त्याला तो स्वतःजवळच घेऊन आला. माझं म्हणणं एवढंच की गरिबीतून आलेल्या नटाने पैसा कमावला की त्याला कला विकली म्हणायचं आणि श्रीमंताच्या पोराने कमावला की यशस्वी म्हणायचं, हा डबल हिशोब आपल्या मराठी नाट्यसृष्टीतही चालतो, आणि तो मला मान्य नाही.

दारूबाबत मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. तिथे मी वकिली करत नाही. बापाचीच लाइन पोराने धरली. १९७४ मध्ये हॉस्पिटलात भरती करावं लागलं, सत्तरच्या दशकाची अर्धी वर्षं त्यात बुडाली, पुढे मान अन् पाठ इतकी गेली की 'कॅमलॉट' पुन्हा स्टेजवर आणलं तेव्हा मधूनच सोडून ऑपरेशन करावं लागलं. ५ ऑगस्ट १९८४ ला जिनिव्हात मेंदूत रक्तस्राव होऊन गेला. हे नुकसान खरं आहे, पण ते हॉलिवूडच्या खात्यावर टाकू नका.

मानेवाड्यातून : सात नॉमिनेशन आणि एकही ऑस्कर नाही म्हणजे सेटिंग असेल ना?

सेटिंग कशाला, नशीब खराब. 'बेकेट'साठी तो आणि पीटर ओ'टूल दोघांनाही एकाच सिनेमातून एकाच कॅटेगरीत नॉमिनेशन, मतं फुटली असणार, नेलं रेक्स हॅरिसनने. 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ'च्या वर्षी बायकोला मिळालं आणि याला नाही, पॉल स्कोफिल्डला गेलं. १९६९ च्या सिनेमांत जॉन वेनला. शेवटचं 'इक्वस'साठी, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता तरी देतील, तेही रिचर्ड ड्रायफसला. गंमत बघा, 'इक्वस' हे मुळात नाटक, त्यातला बर्टनने केलेला डॉक्टर ब्रॉडवेवर त्याच्या आधी अँथनी हॉपकिन्सने केला होता, आणि हॉपकिन्सही पोर्ट टॅलबोटचाच, मार्गम भागातला. लहानपणी तो बर्टनची सही घ्यायला गेला होता. त्या पोराने पुढे दोन ऑस्कर नेले, दुसरा तर ८३व्या वर्षी.

धरमपेठेतून एक ताई : टेलरबाईला दिलेल्या हिऱ्यांबद्दल लिहा ना, आणि दोनदा लग्न काऊन केलं?

काऊन केलं ते त्या दोघांनाच ठाऊक. १९७४ मध्ये घटस्फोट, १९७५ मध्ये बोत्सवानात पुन्हा लग्न, १९७६ मध्ये पुन्हा घटस्फोट, आणि १९८३ मध्ये ब्रॉडवेवर एका घटस्फोटित जोडप्याच्याच नाटकात दोघं सोबत. लोक नाटक बघायला येत होते की यांचं भांडण, देव जाणे.

हिरे म्हणाल तर १९६८ मध्ये ३३.१९ कॅरेटचा घेतला, ३,०५,००० डॉलरला. पुढच्याच वर्षी ६९.४२ कॅरेटचा, ज्याला आता दोघांचं नाव आहे. तोच हिरा लिलावात आदल्या दिवशी कार्टिए या दागिन्यांच्या कंपनीने नेला होता, हा फोनवर हट्टाला पेटला आणि दुसऱ्या दिवशी जास्त पैसे देऊन घेतला. पण ताई, आपल्याला जवळचा वाटेल असा दागिना वेगळाच आहे. तिच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, १९७२ मध्ये बुडापेस्टला, त्याने तिला 'ताजमहाल' नावाचा हृदयाच्या आकाराचा हिरा दिला, त्यावर फारसीत नूरजहाँचं नाव कोरलेलं आहे. आणि 'ला पेरेग्रिना' नावाचा जुना मोती, स्पेनच्या राजघराण्यातला, तो लास वेगासच्या हॉटेलात हरवला आणि शेवटी कुत्र्याच्या पिल्लाच्या तोंडात सापडला. ही गोष्ट टेलरने स्वतः सांगितली आहे. इतवारीच्या सराफाला सांगून बघा, रात्रीची झोप उडेल त्याची.

खामल्याहून : त्याचा भारताशी काही संबंध?

सिनेमातला आहे, आणि फार अभिमानाचा नाही. १९५५ च्या 'द रेन्स ऑफ रांचीपूर'मध्ये तो चेहऱ्याला रंग फासून डॉ. सफ्ती नावाचा हिंदुस्थानी डॉक्टर झालाय, समोर लाना टर्नर, आणि शेवटी भूकंप आणि पूर. पुराचे सीन बरे आहेत. डॉक्टरकडे बघून हसू येतं.

त्रिमूर्तीनगरातून एक नवीन वाचक : हे सगळं ठीक, पण सुरुवात कुठून करू? इंग्लिश फार भारी नाही माझं, सबटायटल लागतात.

सबटायटल लावून 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' बघ, १९६५ चा, ब्लॅक अँड व्हाइट. त्यात तो आवाज जवळजवळ वापरतच नाही. थकलेला, चुरगळलेल्या कोटातला हेर, एका किराणा दुकानात दुकानदाराशी उधारीवरून वाद घालतो, तो सीन नीट बघ. डोंगरावरून ऐकू जाणारा आवाज ज्याच्याकडे आहे तो माणूस इथे तो आवाज खिशात घालून बसलाय, आणि राग मात्र पूर्ण दिसतो. मग 'बेकेट'. मग 'व्हर्जिनिया वुल्फ', त्यात एक प्रोफेसर आणि त्याची बायको रात्रभर दारू पिऊन एकमेकांची सालं काढतात, आलेल्या पाहुण्यांसमोर, आणि बर्टन त्यात मऊ, हरलेला, मध्येच विषारी असा काही आहे की टेलरला ऑस्कर मिळालं तरी सिनेमा मला याचाच वाटतो. शेवटचा म्हणून '१९८४', त्यात तो छळ करणारा अधिकारी ओ'ब्रायन आहे, एकदा सुद्धा आवाज चढवत नाही. सिनेमा थेटरात लागला तोवर तो गेला होता.

डायरीही आहे त्याची, शाळेत असताना १४व्या वर्षी सुरू केलेली, २०१२ मध्ये जाडजूड पुस्तक निघालं. त्यात तो स्वतःच्या सिनेमांपेक्षा वाचलेल्या पुस्तकांबद्दल जास्त बोलतो, आणि रग्बीबद्दल. वेल्सकडून रग्बी खेळायला मिळालं असतं तर हॅम्लेट सोडला असता, असं तो म्हणायचा.

घरच्यांसोबत बसून बघायचं असेल तर 'व्हेअर ईगल्स डेअर' लाव, बर्फ, बंदुका, रोपवेवर मारामारी, सोबत क्लिंट ईस्टवुड. 'व्हर्जिनिया वुल्फ' मात्र सासूसासरे घरी आलेले असताना लावू नको, नवीन लग्न झालं असेल तर बायकोसोबतही नको.